नवी बासने

दिवाळीची सुट्टी लागली, की ती मुलगी आईबरोबर सांगलीस आजोळी जात असे. आजोबांचे घर कृष्णाकाठापासून फार दूर नव्हते. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात कृष्णेला महापूर आला, तेव्हा त्या घराच्या खालच्या मजल्यात छातीइतके पाणी चढले होते. पुढे घराला नवा रंग दिला गेला. पण जिन्याजवळच्या भिंतीवरील पुराच्या पाण्याची मळकट रेघ आजोबांनी रंगाऱ्याला पुसू दिली नाही. "ती असू दे," एवढेच ते म्हणाले.

या खेपेस सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी आईच्या मोबाइलवर पुण्याहून मामाने काहीतरी पाठविले. मामा चित्रकार होता. महापुराच्या त्या दिवसांवर त्याने चोवीस पानांची एक चित्रकथा काढली होती आणि ती सर्वांआधी भाचीने वाचावी, अशी त्याची इच्छा होती. मुलीने मोठ्या उत्सुकतेने त्या नावावर बोट ठेवले. पडद्यावर एक कोरडी ओळ उमटली : 'ही फाइल उघडता येत नाही.' तिने पुन्हा बोट ठेवले. पुन्हा तीच ओळ.

पुस्तक हाती आले आहे आणि ते उघडत मात्र नाही, असा अनुभव छापील पुस्तकाच्या वाचकाला सहसा येत नाही. कागदाचे पुस्तक उघडण्यास दोन हात पुरतात. कोणत्या छापखान्यात ते छापले, कोणत्या दोऱ्याने शिवले, याची चौकशी वाचकाला करावी लागत नाही. संगणकावरील पुस्तकाचे तसे नसते. ते कसे बांधले आहे हे ठाऊक असल्याखेरीज त्याचे एक पानही दृष्टीस पडत नाही.

मुलीने मामाला फोन लावला.

"मामा, तुझं पुस्तक उघडतच नाही. बिघडलं असेल का रे?"

मामा हसला. "बिघडलं नाही गं. आजोबांच्या माडीवर संगणक आहे ना, त्यावर ते घे. नावाच्या शेवटी टिंब आहे, आणि त्यापुढे 'सीबीझेड' अशी तीन अक्षरं आहेत. ती पुसून 'झिप' लिही आणि मग उघडून पाहा."

"पण नाव बदललं म्हणून आतली वस्तू कशी बदलेल?"

"तेच तर! ती बदलत नाही. तू करून तर पाहा."

मुलीची शंका रास्त होती. संगणकाच्या दृष्टीने कोणतीही फाइल म्हणजे ० पासून २५५ पर्यंतच्या आकड्यांची एक लांबच लांब रांग. चित्र असो, गाणे असो वा गणिताची प्रश्नपत्रिका असो, रांग तीच. वाचण्याची रीत तेवढी निराळी. नावाच्या शेवटची अक्षरे ही केवळ दारावरची पाटी आहे. पाटी बदलल्याने दुकानातील माल बदलत नाही. मात्र कोणत्या दुकानात शिरायचे, हे वाटसरूला तीवरून कळते. मोबाइलला 'सीबीझेड' ही पाटी अनोळखी होती, म्हणून तो दारातूनच परत फिरला होता. 'झिप' ही पाटी संगणकाच्या ओळखीची निघाली. मुलीने नाव बदलताच त्याने मुकाट्याने गाठ सोडली आणि चोवीस चित्रे समोर मांडून ठेवली.

"आजोबा, पुस्तक कुठंच नव्हतं! नुसती सुटी चित्रं होती, एकत्र बांधलेली!"

आजोबांना यात नवल वाटले नाही. ते उठून देवघरात गेले आणि तांबड्या कापडात गुंडाळलेली एक जुनी पोथी घेऊन आले. देवघर माडीवर असल्यामुळे ती पुरातून वाचली होती. त्यांनी कापडाची गाठ सोडली, वरची फळी बाजूला ठेवली. आतील पाने शिवलेली नव्हती, चिकटविलेली नव्हती. एकावर एक ठेवलेली, आडव्या आकाराची सुटी पाने; प्रत्येकाच्या समासात आकडा.

"हे बासन," आजोबा कापड दाखवीत म्हणाले. "आणि ही पाने. पोथीला शिवण नसते, बाळ. क्रमाचा आकडा आणि वरचे बासन, एवढ्यावरच ती उभी असते. तुझ्या मामाने काही निराळे केलेले दिसत नाही."

आजोबांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. चित्रकथांच्या ज्या फायली जगभर वाचल्या जातात, त्यांची रचना पोथीसारखीच असते. 'सीबी' ही अक्षरे 'कॉमिक बुक' या शब्दांची आणि शेवटचे 'झेड' हे 'झिप' या बासनाचे. सीडिस्प्ले नावाच्या एका वाचन-प्रोग्रॅममुळे ही नावे रूढ झाली. बासनाच्या आत साधी चित्रे असतात, दुसरे काही नसते. झिपमध्ये बांधल्याने मजकूर पुष्कळ आटोपशीर होतो. पण चित्रे बहुधा आधीच दाबून लहान केलेली असल्यामुळे ती फारशी आक्रसत नाहीत. पाने विखुरू नयेत, एवढेच काम तेथे बासन करते.

हे झिपचे बासन फिल कॅट्झ या अमेरिकन तरुणाने १९८९ मध्ये तयार केले. झिपच्या कोणत्याही गाठोड्याचे पहिले दोन आकडे अक्षरांत वाचले, तर 'पी' आणि 'के' अशी अक्षरे येतात. ती त्याच्या नावाची आद्याक्षरे होत. कारागीर आपल्या भांड्याच्या बुडाशी खूण करतो, तशीच ही खूण. परंतु कॅट्झने केलेली मोठी गोष्ट ही नव्हे. गाठ कशी मारली आहे आणि ती कशी सोडावी, याचे सविस्तर वर्णन त्याने सर्वांसाठी प्रसिद्ध करून टाकले. २००० साली, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी तो वारला. त्याची गाठ मात्र आज जगातील बहुतेक प्रत्येक संगणकाला सोडता येते. 'सीबीआर' या नावाच्या चित्रकथा दुसऱ्या बासनात येतात. ते बासन युजीन रोशाल या रशियन प्रोग्रॅमरचे. त्याचे नाव 'रार'. ते सोडण्याची रीत लोकांना खुली आहे. बांधण्याची रीत मात्र धन्याने स्वतःपाशी राखली आहे. म्हणून त्या फाइलची पाटी 'झिप' अशी बदलून भागत नाही. तिच्या आरंभीच 'रार' अशी अक्षरे आणि पुढे उद्गारचिन्ह असते. पाटी काहीही लावा, जाणता प्रोग्रॅम उंबरठ्यावरची ही खूण पाहूनच माल ओळखतो.

मुलगी चित्रे पाहू लागली. पहिल्या पानावर पाऊस होता : करड्या रेघांचा, सरळ, न थांबणारा पाऊस. दुसरे पान उलटले, तो एकदम माडीच्या खिडकीला लागलेली होडी! तिसऱ्यात होडीत बसलेली आजी. पुढे कितीतरी पानांनंतर पाणी पायरीशी आले आणि अगदी शेवटी आजोबा दूध आणायला निघाले.

"मामाने गोष्ट उलटीसुलटी काढली की काय?"

चूक मामाच्या गोष्टीत नव्हती. ती पानांच्या आकड्यांत होती. त्याने चित्रांना १, २, ३ अशी नावे दिली होती. माणूस एकानंतर दोन म्हणतो. चित्रे दाखविणाऱ्या त्या प्रोग्रॅमने मात्र ती नावे शब्दकोशातील शब्दांप्रमाणे अक्षरशः लावली. शब्दकोशात 'कमळ' हा शब्द 'खण' या शब्दाच्या आधी येतो. मग त्यात अक्षरे किती आहेत, हे कोणी मोजत नाही. त्याच न्यायाने ज्यांचा आरंभ एकाने होतो, ती दहा ते एकोणीस ही सर्व पाने दोनच्या आधी जाऊन बसली. उपाय सोपा होता. पहिल्या नऊ पानांच्या आकड्यांमागे एकेक शून्य लावताच पाऊस, पाणी, पायरी आणि होडी आपापल्या जागी आली. मुलीने पाने पुन्हा बासनात बांधली, जुनी पाटी परत लावली, मोबाइलवर चित्रकथा वाचण्याचा एक प्रोग्रॅम घेतला आणि मग ती नीट, पहिल्यापासून वाचली.

सतराव्या पानावर ती थबकली. त्या पानावर शब्द नव्हते. चिखलाने भरलेल्या खोलीत आजोबा उकिडवे बसले आहेत आणि त्यांच्या हातात एक वही आहे, एवढेच चित्र. वहीची पाने फुगलेली. शाई वाहून पानावर निळे ढग झालेले.

"आजोबा, ही कसली वही?"

आजोबांनी उत्तर देण्यास थोडा वेळ घेतला. "माझ्या आईच्या ओव्या होत्या त्यात. तुझ्या पणजीच्या. पहाटे जात्यावर म्हणायची. तिला लिहिता येत नव्हते. ती सांगत गेली, मी उतरवून घेत गेलो. २१२ ओव्या होत्या."

"मग आता?"

"कचेरीत टंकलेखनाचे काम होते माझे. घरी संगणक आला, तेव्हा हौसेने साऱ्या टाइप करून ठेवल्या होत्या. तो संगणकही पाण्यात गेला. तुझ्या मामाने एक प्रत पुण्यास नेली होती. त्याने परत पाठविली आहे. पण ती उघडली, की नुसता गोंधळ दिसतो. मी तो नाद सोडून दिला."

मुलीने ती फाइल उघडली. 'उघडता येत नाही' अशी ओळ या वेळी आली नाही. फाइल सहज उघडली. पण तीत मराठीचा मागमूस नव्हता. रोमन अक्षरे, अर्धविराम, कंस, आकडे यांची खिचडी ओळीमागून ओळी पसरली होती. बासन सुटले होते, पाने क्रमाने होती. ती वाचता मात्र येत नव्हती.

आजोबांच्या कपाटात तसाच आणखी एक कागद होता. त्यांच्या आजोबांच्या वेळचा, जमिनीच्या कसल्याशा व्यवहाराचा, मोडी लिपीत लिहिलेला. कागद धड होता, शाई काळीभोर होती, आणि घरात कोणालाही त्यातील एक शब्द लागत नव्हता. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तरातील असे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. तेथील मोडी कागदांची संख्या कोटींच्या घरात जाते. त्या कागदांना वाळवी लागलेली नसली, तरी मोडी जाणणारा माणूस समोर बसेपर्यंत ते बोलत नाहीत. लिहिलेले टिकणे आणि वाचता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे जुन्या कागदांना ठाऊक होते. संगणकाने फक्त त्या दोहोंतील अंतर फार थोड्या वर्षांवर आणून ठेवले.

इंग्लंडमध्ये याचा एक विलक्षण दाखला घडला. १०८६ साली विलियम राजाच्या आज्ञेवरून तेथील गावे, जमिनी, गुरेढोरे यांची एक नोंदवही तयार झाली. तिला 'डूम्सडे बुक' म्हणतात. तिला ९०० वर्षे झाली, तेव्हा १९८६ मध्ये बीबीसीने देशाची नवी नोंदवही करण्याचे योजिले. दहा लाखांहून अधिक लोकांनी तीत भाग घेतला. त्यांत शाळांतील मुलामुलींचा भरणा मोठा होता. आपल्या गावात दुकाने कोणती, लोक काय खातात, संध्याकाळी काय करतात, हे मुलांनी लिहून पाठविले. सारे काही त्या काळच्या नव्या चकचकीत तबकड्यांवर साठविण्यात आले. आणि पुढे पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे इतकी दुर्मीळ झाली, की मुलांचे ते लेखन कायमचे मुके होते की काय, अशी धास्ती पडली. कातड्यावर लॅटिन भाषेत लिहिलेली ९०० वर्षांपूर्वीची वही मात्र जाणकाराला खुशाल वाचता येत होती! अखेर २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी नव्या संगणकाला जुन्या यंत्राचे सोंग घ्यायला लावले, तेव्हा त्या तबकड्यांना पुन्हा वाचा फुटली.

सांगलीच्या माडीवर संशोधक नव्हते. आजोबा चष्मा पुसून त्या खिचडीकडे पाहत बसले होते. पाहता पाहता त्यांची बोटे, आपणहून जणू, टंकफलकावर जाऊन टेकली.

"काय गं, हे 'जे, के, ई' पुष्कळदा आले आहे, नाही?"

"हो, आजोबा. जवळजवळ प्रत्येक ओवीत आहे."

आजोबांनी सावकाश एकेक कळ दाबली. "जे म्हणजे र. के म्हणजे काना. ई म्हणजे म." ते क्षणभर थांबले. "अगं, हा तर राम! ओवीत राम असणारच. सारे जागच्या जागी आहे. आमच्या कृतिदेवमधले आहे हे!"

कृतिदेव हा देवनागरीचा एक जुना अक्षरसंच. त्या काळच्या संगणकांना रोमन अक्षरांखेरीज फारसे काही कळत नसे. तेव्हा कारागिरांनी एक युक्ती केली. संगणकाला रोमन 'जे' हेच अक्षर साठवू द्यायचे. पडद्यावर मात्र त्याचे चित्र 'र' असे काढायचे. रोमन अंगावर देवनागरी अंगरखा! तो अंगरखा ज्या संगणकावर असेल, तेथे मराठी वाचता येई. नसेल तेथे आतील रोमन अंग उघडे पडे. असे अंगरखे एक नव्हे, अनेक निघाले, आणि एकाचे माप दुसऱ्याला बसत नव्हते. या एका कारणामुळे मराठीतील किती पत्रे, किती कविता, किती हिशेब मुके होऊन पडले असतील, कोण जाणे.

यावर उतारा निघाला तो युनिकोडचा. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा, दुसऱ्या कोणाचाही नसलेला, क्रमांक मिळाला. 'क' चा क्रमांक २३२५. सांगलीत, टोकियोत वा नैरोबीत, कोणत्याही अक्षरसंचात लिहा. २३२५ म्हणजे 'क' च. अंगरखा बदलला, तरी अंग मराठीच राहते.

मुलीने मामाला फोनवर सारी हकिकत सांगितली. कृतिदेवचे युनिकोड करणारे प्रोग्रॅम आयते मिळतात. मामाने त्यांपैकी एक पाठविला. हे रूपांतर वाटते तितके सरळ नसते. कृतिदेवमध्ये 'दिवस' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि 'द' नंतर टाइप करीत, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. युनिकोडमध्ये मात्र बोलण्याचा क्रम पाळतात : आधी 'द', मग वेलांटी. रफाराचे नेमके उलट. तो आधी उच्चारला जातो. पण जुन्या रीतीत तो शेवटी टाइप करीत. तेव्हा रूपांतर करणाऱ्याला वेलांट्या उचलून मागे न्याव्या लागतात आणि रफार उचलून पुढे आणावे लागतात. हे सर्व त्या प्रोग्रॅमने पापणी लवते न लवते तोच केले. पडद्यावर मराठी अवतरले. आजोबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली, एवढेच.

ओव्या वाचता येऊ लागल्या. पण आजोबांच्या डोळ्यांना ती अक्षरे बारीक होती. मुलीने आधी त्यांची पीडीएफ केली. पीडीएफ म्हणजे पानाचे जसेच्या तसे प्रतिबिंब. १९९३ मध्ये अडोबी या कंपनीने हे रूप काढले आणि २००८ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता मिळाली. छापल्यावर पान जसे दिसावे तसेच ते कोठेही दिसते, हा त्याचा मोठा गुण. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर याच रूपात मिळतात. पण लहान पडद्यावर हाच गुण जाचक होतो. अक्षर मोठे केले, की अर्धी ओळ पडद्याबाहेर जाते आणि पान सारखे डावीउजवीकडे सरकवीत राहावे लागते. आजोबा दोन ओव्यांतच कंटाळले.

"याला ईपब करू या," मामा फोनवरून म्हणाला.

ईपब हेही एक झिपचे बासनच! त्याची पाटी बदलून झिप केली, तर तेही चित्रकथेप्रमाणे सुटते. मात्र आत चित्रांऐवजी मजकुराची प्रकरणे असतात. संकेतस्थळांची पाने ज्या भाषेत लिहितात, त्याच भाषेत लिहिलेली. सर्वांत वर एक चिठ्ठी असते. 'हे झिपमध्ये बांधलेले ईपब आहे' अशा अर्थाची वीस रोमन चिन्हे तीवर असतात, आणि बासन न सोडताही ती वाचता यावी, म्हणून ती दाबून लहान केलेली नसते. आणखी एका कागदावर प्रकरणांचा क्रम लिहिलेला असतो, त्यामुळे दहावे पान दोनच्या आधी येण्याची भीती नाही. २००७ पासून हे मानक चालत आले आहे आणि ते सर्वांना खुले आहे. पीडीएफमध्ये पान ठरलेले असते. ईपबमध्ये पान असे नसतेच. मजकूर पाण्यासारखा वाहता असतो आणि पडद्याच्या आकाराप्रमाणे ओळी नव्याने पाडल्या जातात. अक्षर हवे तेवढे मोठे करा, ओळ पडद्याबाहेर जात नाही. चित्रकथेला हे मानवणार नाही, कारण तेथे चित्राची जागा हाच गोष्टीचा भाग असतो. ओव्यांना ते उत्तम मानवले.

सायंकाळपर्यंत पणजीच्या ओव्यांचे पुस्तक बांधून झाले. मामाने विचारले, "बाबा, याला कुलूप घालायचे का? म्हणजे तुम्ही परवानगी द्याल त्यालाच उघडता येईल."

कुलपाचा हेतू वाईट नसतो. लेखकाला आपल्या श्रमाचे मोल मिळावे, यासाठी पुष्कळ इ-पुस्तकांना ते घातलेले असते. पण कुलपाची किल्ली वाचकाच्या खिशात नसते. ती विक्रेत्याच्या दूरच्या यंत्रावर असते. मायक्रोसॉफ्टने २०१९ च्या एप्रिलमध्ये आपले इ-पुस्तकांचे दुकान बंद केले, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून तेथे घेतलेली पुस्तके वाचकांना उघडेनाशी झाली. कंपनीने सर्वांचे पैसे परत केले, हे खरे. ज्यांनी पुस्तकांत खुणा केल्या होत्या, टिपणे लिहिली होती, त्यांना २५ डॉलर अधिक दिले. समासात स्वतःच्या हाताने लिहिलेल्या दोन ओळींची किंमत पंचवीस डॉलर बरोबर आहे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. याउलट मायकेल हार्ट या अमेरिकन विद्यार्थ्याची गोष्ट. ४ जुलै १९७१ रोजी त्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर टाइप केला; साध्या रोमन अक्षरांत, ना कुलूप ना अंगरखा. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ग्रंथालयाचा आरंभ तेथून झाला, आणि त्या ग्रंथालयातील साध्या अक्षरांची पुस्तके आजही कोणत्याही संगणकावर उघडतात.

आजोबांनी नकारार्थी मान हलविली. "पहाटे जात्यावर बसून म्हणायची ती. सारी आळी ऐकत असे. तिला कुठले कुलूप?"

रात्री जेवणे झाल्यावर मुलीने पुस्तक आजोबांच्या मोबाइलवर उघडून दिले. अक्षर त्यांना हवे तेवढे मोठे केले. एका पडद्यावर एकच ओवी मावू लागली. आजोबा ओठांतल्या ओठांत वाचू लागले. आठव्या ओवीपाशी ते अडखळले.

"इथे 'सूर्य' हवे गं. काहीतरी भलतेच झाले आहे."

मुलीने वाकून पाहिले. एक रफार पुढे यायचा राहून गेला होता. तो 'य' च्या पलीकडेच, पाय मोडलेला 'र' होऊन, एकटा उभा होता.

"असे आणखीही असतील," आजोबा म्हणाले. "वही असती, तर ताडून पाहता आले असते."

"तुम्हाला पाठ नाहीत का, आजोबा?"

आजोबांनी मोबाइल बाजूला ठेवला. डोळे मिटले आणि आधी नुसता सूर धरून पाहिला. जात्याच्या फेऱ्याचा, संथ, मध्येच थोडा उचलणारा. मग त्यांना आठवी ओवी आठवली. तिच्यामागून नववी. मुलगी पेन्सिल आणि कागद घेऊन जिन्याच्या पायरीवर, त्या मळकट रेघेला टेकून बसली आणि ऐकता ऐकता चुकलेल्या अक्षरांची यादी करू लागली.